पीएसपी कुणाचं ऐकतो?

नागपूर-तुळजापूर महामार्गावर महागावला उतरा, नाहीतर पुढे उमरखेडला, मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात एक वाक्य कानावर पडतंच: "सॉफ्टवेअर मारावं लागेल." कंपनीच्या नावावर अडकून बसलेला फोन दुकानदार संगणकाला जोडतो, एक भलीमोठी फाइल आत सोडतो आणि फोन चालू होतो. त्या फाइलीत असतं ते फर्मवेअर. यंत्राच्या चिपवर कायम राहणारं आणि बटण दाबल्यावर सगळ्यांच्या आधी कामाला लागणारं हे सॉफ्टवेअर.

दुकानदार मारतो ते बहुतेक वेळा कंपनीचंच असतं. त्यात हौशी लोकांनी फेरफार करून आपलं बनवलं, की त्याला कस्टम फर्मवेअर म्हणतात. हातात धरून खेळायच्या गेम कन्सोलवर हा उद्योग गेली वीस वर्षं चालू आहे आणि तो समजून घ्यायला सोनीच्या प्लेस्टेशन पोर्टेबलइतकं, म्हणजे पीएसपीइतकं चांगलं उदाहरण नाही. १२ डिसेंबर २००४ रोजी जपानमध्ये तो बाजारात आला आणि जगभरात जवळपास आठ कोटी नग खपले. भारतातही तो रीतसर विकला गेला. कबड्डी आणि पतंगबाजी असलेला 'देसी अड्डा' हा गेम सोनीने २००९ मध्ये खास इथल्या गिऱ्हाइकासाठी काढला. मेनूत मात्र एकही भारतीय भाषा कधी आली नाही.

डब्यात काय आहे

पहिल्या पीएसपीत एमआयपीएस जातीचा प्रोसेसर आहे. त्याची कमाल गती ३३३ मेगाहर्ट्झ, पण बॅटरी टिकावी म्हणून सोनीने सुरुवातीला गेमना २२२ मेगाहर्ट्झचीच मुभा दिली होती. सोबत ३२ एमबी रॅम, फर्मवेअर ठेवायला ३२ एमबीची फ्लॅश चिप, गेमसाठी १.८ जीबीची यूएमडी चकती, सेव्ह फाइली आणि गाण्यांसाठी मेमरी स्टिक आणि शिवाय वायफाय. थोडक्यात, हा पुरता संगणक आहे. पण त्यावर आपण लिहिलेला चार ओळींचा प्रोग्राम चालत नाही, कारण सोनीची मोहर नसलेलं काहीही तो चालवायला नकार देतो.

हा नकार कुठून येतो हे कळलं, की पुढची सगळी कहाणी सरळ होते.

बटण दाबल्यावर पीएसपी पायऱ्या-पायऱ्यांनी जागा होतो. पहिली पायरी प्रोसेसरच्या आत, कारखान्यातच कोरलेली आहे. ती जेमतेम ४ किलोबाइटची असून तिला बूट रॉम म्हणतात. ती फ्लॅश चिपवरून दुसरी पायरी उचलते. ही दुसरी पायरी, म्हणजे आयपीएल, कूटबद्ध असते आणि ती उलगडायचं काम 'कर्क' नावाचा वेगळा हार्डवेअर भाग करतो. आयपीएल मग कर्नलची मॉड्युलं उठवतो, कर्नल मेनू दाखवतो आणि मेनूतून गेम सुरू होतो. प्रत्येक पायरी पुढचीची मोहर तपासते आणि मगच तिच्या हाती कारभार देते.

यातून दोन नियम निघतात. ज्या पायरीवर आपण शिरलो, तिच्या पुढच्या सगळ्या पायऱ्या आपलं ऐकतात. आधीच्यांना मात्र हात लावता येत नाही. आणि पहिली पायरी सिलिकॉनमध्ये कोरलेली असल्याने ती हौशी मंडळींना बदलता येत नाही, तशीच विकून झाल्यावर सोनीलाही बदलता येत नाही. कस्टम फर्मवेअरचा इतिहास म्हणजे शेवटच्या पायरीवरून पहिलीकडे सरकत जाण्याचा इतिहास आहे.

वरच्या पायऱ्यांवरच्या फटी

जपानमध्ये आलेल्या अगदी पहिल्या १.०० आवृत्तीत मेमरी स्टिकवरच्या प्रोग्रामची मोहर तपासलीच जात नव्हती. १.५० मध्ये ती तपासणी आली आणि २००५ च्या जूनमध्येच तिला बगल देणारी युक्ती निघाली. मेमरी स्टिकवर एकाच नावाची दोन फोल्डरं करायची आणि एकाच्या नावाच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह लावायचं. चिन्हवाल्या फोल्डरमध्ये नुसतं चित्र आणि शीर्षक ठेवायचं, दुसऱ्यात आपला प्रोग्राम. नावातल्या टक्क्याने प्रणालीचा असा गोंधळ व्हायचा, की ती माहिती एका फोल्डरमधून वाचायची आणि चालवायची मात्र दुसऱ्यातलं.

२.०० आवृत्तीने हेही बंद केलं. त्यानंतर वाट सापडली फोटो दाखवणाऱ्या भागात: टिफ प्रकारचं एक मुद्दाम बिघडवलेलं चित्र उघडलं, की पीएसपी हौशी मंडळींच्या ताब्यात. २००६ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो: लिबर्टी सिटी स्टोरीज' या गेमच्या सेव्ह फाइलीतून तेच साधलं. २००७ मध्ये 'ल्युमिन्स' या कोडेवजा गेमची पाळी आली. ती बातमी फुटल्यावर हा जुना गेम ॲमेझॉनच्या विक्रीयादीत एकदम वर चढला.

चित्र किंवा सेव्ह फाइल ही तर नुसती माहिती. तिच्यातून कारभार ताब्यात कसा येतो? समजा, सेव्ह फाइलीतलं खेळाडूचं नाव ठेवायला गेमने स्मृतीत ३२ बाइटची जागा राखली आहे. नाव खरंच तेवढ्यात मावतंय का, हे प्रोग्रामरने तपासलं नाही. आता आपण सेव्ह फाइल हाताने बनवली आणि नावाच्या जागी २०० बाइट कोंबले. पहिले ३२ जागेवर बसतात, उरलेले १६८ शेजारच्या स्मृतीवर सांडतात. त्या शेजारातच एक पत्ता लिहून ठेवलेला असतो: हे काम आटोपलं की प्रोसेसरने कुठे परतायचं, तो. त्यावर आपला पत्ता गिरवला गेला, की प्रोसेसर मुकाट्याने नावात दडवलेल्या आपल्या सूचनांकडे वळतो. गेम सोनीने मंजूर केलेला, त्यावरची मोहर खरी, फक्त त्याने वाचलेली फाइल आपली. मोहर प्रोग्रामची तपासली जाते. प्रोग्राम पुढे काय वाचतो यावर तिचा ताबा नसतो.

तरीही काम अर्धंच झालेलं असतं. गेम चालतो 'यूजर मोड'मध्ये, तिथून फ्लॅश चिपवर लिहिता येत नाही. त्यासाठी कर्नलमध्ये दुसरी चूक शोधावी लागते. म्हणून बहुतेक युक्त्या जोडीने येतात: आत शिरायला एक आणि अधिकार वाढवायला दुसरी.

डार्क ॲलेक्सचं फर्मवेअर

इथवर दर वेळी गेम सुरू करा, सेव्ह फाइल उघडा, मग आपला प्रोग्राम, असा द्राविडी प्राणायाम होता. शिवाय नवे गेम नवी आवृत्ती मागायचे आणि नव्या आवृत्तीत जुन्या फटी बुजलेल्या असायच्या. ही कोंडी डार्क ॲलेक्स या टोपणनावाच्या स्पॅनिश प्रोग्रामरने २००६ च्या ऑक्टोबरमध्ये फोडली. त्याचं '२.७१ एसई' हे पहिलं गाजलेलं कस्टम फर्मवेअर. पुढे 'ओपन एडिशन' आणि 'एम३३' या मालिका आल्या.

हे फर्मवेअर नव्याने लिहिलेलं नव्हतं. मूळ सोनीचंच. पाया जुन्या, ढिल्या तपासणीच्या १.५० चा, वर नव्या आवृत्तीची मॉड्युलं आणि त्यांत मोक्याच्या जागी थोडे बदल. मोहर तपासणारं फंक्शन "बरोबर आहे" एवढंच उत्तर देऊ लागलं, की मेमरी स्टिकवरचा कुठलाही प्रोग्राम चालतो. त्याच्या जोडीला सोयी आल्या: सुरू करताना आर ट्रिगर दाबून धरला की रिकव्हरी मेनू, सिलेक्ट दाबलं की प्रोसेसरची गती बदलायचा मेनू आणि एका ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकले की चालू होणारे छोटे प्लगइन.

इन्स्टॉलरची रचना बघण्यासारखी आहे. त्यात सोनीचा कोड नसायचाच. वापरणाऱ्याने सोनीच्याच अधिकृत अपडेट फाइली उतरवून मेमरी स्टिकवर ठेवायच्या; इन्स्टॉलर त्या पीएसपीवरच उलगडायचा, बदल करायचा आणि फ्लॅशवर लिहायचा. सोनीचं फर्मवेअर स्वतः वाटलं असतं तर तो सरळ कॉपीराइटचा भंग ठरला असता. वाटला गेला तो फक्त 'बदल'. कन्सोलच्या हौशी जगात ही शिस्त तेव्हापासून रुजली.

बॅटरीतली चावी

फ्लॅशवर लिहिताना वीज गेली किंवा चुकीची फाइल पडली, तर आयपीएल बिघडतो आणि पीएसपीची वीट होते; दिवा लागतो, पडदा काळाच राहतो. वीट झालेला पीएसपी दुरुस्त करायला सोनीच्या सेवा केंद्रांकडे काहीतरी वाट असणारच, एवढं उघड होतं. ती वाट २००७ च्या ऑगस्टमध्ये हौशी मंडळींनी जगजाहीर केली. नाव पडलं 'पँडोरा बॅटरी'.

पीएसपीच्या बॅटरीत तिचा अनुक्रमांक साठवणारी छोटी चिप असते. त्या क्रमांकाच्या चारही बाइटमधले सगळे बिट १ केले, की ती साधी बॅटरी राहत नाही. ती लावताच ४ किलोबाइटची पहिली पायरी ओळखते, की हा सेवा केंद्राचा प्रसंग आहे, आणि फ्लॅश चिपकडे न जाता आयपीएल मेमरी स्टिकवरून उचलते. म्हणजे फ्लॅशमध्ये काहीही बिघडलेलं असो, पीएसपी उठतो आणि त्यावर हवं ते फर्मवेअर लिहिता येतं. अशी बॅटरी बनवायला कुणी बॅटरी उघडून चिपचा एक पाय उचलायचं. कुणी आधीच मोकळ्या केलेल्या पीएसपीवर एक प्रोग्राम चालवून क्रमांक बदलायचं. एका गटात एक पँडोरा बॅटरी असली, की सगळ्यांचे पीएसपी मोकळे व्हायचे.

मोबाइल दुरुस्तीवाल्याला यात नवल वाटणार नाही. क्वालकॉमच्या प्रोसेसरवरचा पूर्ण मेलेला फोन तो बोर्डवरचे टेस्ट पॉइंट जोडून 'ईडीएल' मोडमध्ये नेतो. मीडियाटेकच्या फोनलाही बूट रॉमची तशीच वाट असते. दोन्हीकडे प्रोसेसरमध्ये कोरलेली पहिली पायरी नेहमीचा रस्ता सोडून बाहेरून आलेली फाइल स्वीकारते.

पँडोराला सोनी अपडेटने थोपवू शकत नव्हती, कारण दार पहिल्या पायरीतच होतं. तिने पीएसपी-२००० च्या शेवटच्या बोर्डांत बूट रॉम बदललेला नवा प्रोसेसर बसवला आणि २००८ चा पीएसपी-३००० तर त्यासहच आला. तोवर विकलेल्या यंत्रांना मात्र कुणी हात लावू शकलं नाही.

नव्या यंत्रांसाठी पुन्हा वरच्या पायऱ्यांकडे वळावं लागलं. २००९ च्या मेमध्ये डेव्ही या टोपणनावाच्या प्रोग्रामरने 'चिकहेन' काढलं. फट पुन्हा टिफ चित्राचीच. पण ही 'हेन' होती, म्हणजे हौशी प्रोग्राम चालू करून देणारी तात्पुरती सोय, पूर्ण कस्टम फर्मवेअर नव्हे. ती फक्त रॅममध्ये राहते. पीएसपी पूर्ण बंद केला की गेली, पुन्हा चित्र उघडा.

शेवटचा धक्का बाहेरून बसला. प्लेस्टेशन ३ ची सुरक्षा २०१० च्या अखेरीस कोसळली आणि त्या यंत्रातून पीएसपीच्याही किल्ल्या बाहेर आल्या. पीएसपीत मोहर तपासायला आणि मोहर उठवायला एकच किल्ली वापरलेली होती. गावातल्या प्रत्येकाला तलाठ्याचा शिक्का ओळखता यावा म्हणून प्रत्येकाच्या हाती तोच शिक्का देऊन ठेवावा, तसला हा कारभार. किल्ली फुटल्यावर २०११ पासून हौशी प्रोग्रामवरही पीएसपीला पटेल अशी मोहर उठवता येऊ लागली. सोनीने २०१५ मध्ये ६.६१ ही शेवटची आवृत्ती काढली, तेव्हा ही स्पर्धा संपल्यातच जमा होती.

वही कुणी भरली

फटी शोधणाऱ्यांची नावं गाजतात, पण त्यांच्यामागे कंटाळवाणं काम करणारी मोठी फळी असते. पीएसपीसाठी प्रोग्राम लिहायचा तर कर्नलचं कुठलं फंक्शन काय करतं हे माहीत हवं. सोनीची कागदपत्रं फक्त परवानाधारक कंपन्यांना मिळायची आणि गेमच्या फाइलीत फंक्शनचं नाव नसायचंच. नावावर एसएचए-१ नावाची गणिती क्रिया करून आलेल्या उत्तराचे पहिले चार बाइट तेवढे असायचे. उत्तरावरून नाव उलट काढता येत नाही. मग हौशी मंडळींनी उलटा रस्ता धरला: सोनीच्या नाव ठेवायच्या पद्धतीवरून संभाव्य नावांच्या याद्या करायच्या, प्रत्येकावर तीच क्रिया करायची आणि जुळतंय का बघायचं. अशी हजारो फंक्शनं वर्षानुवर्षं एकेक करून ओळखली गेली. त्यातूनच 'पीएसपी एसडीके' हा मुक्त प्रोग्रामिंग संच उभा राहिला. सोनीची एक ओळ न वापरता.

त्या वहीचा उपयोग आज पीएसपी न पाहिलेल्या मुलांनाही होतो. स्वीडनच्या हेन्रिक रिडगार्डने २०१२ मध्ये 'पीपीएसएसपीपी' हा मुक्त एम्युलेटर आणला. अँड्रॉइड फोनवर पीएसपीचे गेम चालतात ते त्यामुळे. एम्युलेटरला कर्नलचं प्रत्येक फंक्शन स्वतः करून दाखवावं लागतं, त्यामुळे आधीच्यांनी केलेल्या नोंदींशिवाय तो इतक्या लवकर उभा राहिला नसता.

इतर कन्सोलची गोष्टही याच दोन नियमांवर चालते. २०१८ च्या एप्रिलमध्ये केट टेमकिनने निन्टेंडो स्विचच्या टेग्रा प्रोसेसरच्या बूट रॉममधली यूएसबीची चूक जाहीर केली. तोवर विकलेले सगळे स्विच कायमचे उघडे राहिले आणि निन्टेंडोला इलाज करता आला तो नव्या तुकडीतच. निन्टेंडो ३डीएसवरही बूट रॉममधल्या सही तपासणीची चूक सापडल्यावर कायमची वाट मिळाली. अलीकडे मियू मिनी, अँबर्निक अशा चिनी कन्सोलवर मात्र कुलूपच नसतं. आत लिनक्स, तीही एसडी कार्डवर. त्यांच्यासाठी 'ओनियन', 'म्यूओएस' असली फर्मवेअर हौशी मंडळी काढतात आणि कंपनीच्या प्रणालीपेक्षा ती बहुतेकदा सरस असतात.

कायद्याची बाजू

याच वाटेने चोरीचे गेमही सर्रास चालले, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्याकडेही शहरांतल्या बाजारांत पीएसपी विकतानाच तो मोकळा करून कार्ड गेमांनी भरून द्यायची पद्धत पडली होती. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ बरंच उदार आहे: कायदेशीर मार्गाने मिळालेल्या प्रोग्रामची सुरक्षेसाठी प्रत ठेवणं, तो कसा चालतो याचा अभ्यास करणं, दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती काढणं, यांना त्यात मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए तांत्रिक कुलूप तोडण्याबद्दल आहे; हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे भार हेतूवर आहे. स्वतःचा प्रोग्राम चालवायला पीएसपी मोकळा करणं आणि दुसऱ्याचे गेम भरून विकणं यांना कायदा एका मापाने मोजत नाही. हौशी मंडळींच्या जाणत्या गटांतही गेम मागणाऱ्याला थारा मिळत नाही, तो याचमुळे.

घरात जुना पीएसपी असेल तर

आधी बॅटरी काढून बघा. इतक्या वर्षांत ती फुगलेली असू शकते. मागचं झाकण नीट बसत नसेल, तर ती लावूच नका, चार्ज तर मुळीच करू नका. बॅटरी ठीक असेल तर सेटिंगमधल्या सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये आवृत्ती बघा. ६.६१ नसेल तर अधिकृत अपडेट मेमरी स्टिकवरून द्या. पीएसपीचं वायफाय ८०२.११बी या जुन्या पद्धतीचं आहे, आजच्या राउटरशी त्याचं जमेलच असं नाही, म्हणून फाइली संगणकावरून टाकणंच बरं. अपडेटच्या वेळी चार्जर जोडलेला आणि बॅटरी पुरेशी भरलेली, दोन्ही लागतं. वीज गेली तर तीच बॅटरी यंत्राला वीट होण्यापासून वाचवते. उन्हाळ्यातल्या भारनियमनात दुपारचा मुहूर्त धरू नका.

त्यानंतर आज सांभाळलं जाणारं 'आर्क-४' हे कस्टम फर्मवेअर त्याच्या सोबतच्या सूचनांप्रमाणे संबंधित फोल्डरांत टाका आणि त्याचा लोडर मेनूतून चालवा. सुरुवातीला ते रॅममध्येच राहतं, म्हणून यंत्र बंद केलं की सगळं पूर्ववत. हे नीट चालतंय, सेव्ह फाइलींची प्रत संगणकावर आहे, एवढी खात्री झाल्यावरच कायमचं बसवायचा विचार करा. मॉडेलनुसार ते थेट आयपीएलमध्ये बसतं किंवा डेव्हीच्या 'इन्फिनिटी'ची जोड घेऊन बूटच्या वेळी सुरू होतं.

गेम खेळायला आज फोन पुरतो. मोकळ्या पीएसपीचं खरं मोल संगणक शिकणाऱ्या मुलासाठी आहे. यात थोडकी रॅम, एकच पडदा आणि मोजकी बटणं आहेत, त्यामुळे पूर्ण यंत्र डोक्यात मावतं. पीएसपी एसडीके फुकट आहे, सी भाषा पॉलिटेक्निकच्या अभ्यासक्रमात आहे आणि लिहिलेलं आधी संगणकावरच्या पीपीएसएसपीपीवर तपासता येतं. पहिला प्रोग्राम म्हणून पडद्यावर एक ओळ आणा. दुसरा म्हणून ती मराठीत आणून बघा: पीएसपीच्या साठवलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे अक्षरांची चित्रं, वेलांटीची जागा, जोडाक्षरं, सगळं स्वतः ठरवावं लागेल. एवढं जमलं, तर कॉलेजच्या एम्बेडेड सिस्टिमच्या पुस्तकातले निम्मे धडे हाताने करून झालेले असतील.